जर्मनीच्या प्रवासासाठी कोणते कार्ड न्यावे? साडेतीन टक्क्यांचा प्रश्न

प्रतापनगरच्या बाई (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझे पती दोघेही निवृत्त शिक्षक असून नागपूरला प्रतापनगरात राहतो. आमची मुलगी जर्मनीत आखेन येथे शिकत असून पुढील महिन्यात आम्ही सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. मुक्काम तिच्याच घरी असल्यामुळे हॉटेलचा खर्च फारसा नाही. तथापि रेल्वे, किराणा, थोडीफार खरेदी आणि मधले चार दिवस स्वित्झर्लंड असे धरून अंदाजे १,८०० युरो खर्च होतील असे दिसते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही थायलंडला गेलो होतो, त्या वेळी घरातले नेहमीचेच क्रेडिट कार्ड नेले. परत आल्यावर स्टेटमेंट हातात पडले तेव्हा प्रत्येक खरेदीखाली आणखी दोन बारीक ओळी छापलेल्या आढळल्या. २,८०० रुपयांच्या एका खरेदीखाली ९८ रुपये आणि त्याखाली १७.६४ रुपये, असा तो प्रकार शेवटपर्यंत चालला होता. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु आपण कशासाठी पैसे देत आहोत हे आधी ठाऊक नसावे, याची चुटपुट मात्र लागून राहिली.

आता आमच्या बँकेच्या शाखेत फॉरेक्स कार्ड (निघण्यापूर्वी परकीय चलन भरून घ्यायचे कार्ड) घेण्याचा आग्रह होत आहे आणि त्यावर 'मार्कअप शून्य', म्हणजे परकीय चलनातील खर्चावर बँकेचे जादा शुल्क नाही, असे सांगितले जाते. सीताबर्डीतील एका परकीय चलन विक्रेत्याने त्याहून थोडा कमी दर तोंडी सांगितला आहे. मुलीचे म्हणणे असे की परदेशी शुल्क न लावणारे क्रेडिट कार्डच घ्यावे. पण निवृत्तिवेतनावर असल्याने एका बँकेने आमचा अर्ज नुकताच नाकारला आहे. या तिन्हींपैकी खरोखर स्वस्त काय पडेल, हे कोणी आकडे मांडून सांगितले तर बरे होईल.

हिशेबनीस (प्रतिसाद)

बाई, तुम्ही आकडे मागितलेत हे उत्तम केले, कारण या विषयात 'शून्य' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो म्हणजे बरोबर १०० रुपये असे धरू. प्रत्यक्षातला दर वेगळा असेल, पण टक्केवारी बदलत नाही. तुमचे १,८०० युरो म्हणजे १,८०,००० रुपये झाले.

आपल्याकडील सर्वसाधारण क्रेडिट व डेबिट कार्डांवर परकीय चलनातील व्यवहाराला ३.५ टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. तुमच्या स्टेटमेंटमधील ९८ आणि १७.६४ या त्याच दोन ओळी होत. दोन्ही मिळून ४.१३ टक्के होतात, म्हणजे तुमच्या या प्रवासात ७,४३४ रुपये. थोड्या वरच्या श्रेणीच्या कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो, तेथे हाच आकडा ४,२४८ रुपयांवर येतो. शून्य मार्कअप असलेल्या क्रेडिट कार्डावर तो खरोखरच शून्य असतो, कारण व्हिसा किंवा मास्टरकार्ड या कार्ड नेटवर्क कंपन्यांनी ठरवलेल्या त्या दिवसाच्या दराने रुपये लागतात आणि बँक त्यावर काही चढवत नाही. हे दर दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात आणि बाजारातील दराच्या बरेच जवळ असतात.

आता फॉरेक्स कार्ड. त्यावर मार्कअप शून्य असतो हे खरेच आहे, परंतु कमाई तेथे नसून दरात असते. समजा बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि शाखेने तुम्हाला १०२ ला दिला, तर १,८०० युरो भरण्यासाठी १,८३,६०० रुपये द्यावे लागतील. म्हणजे पहिल्याच पावलाला ३,६०० रुपये गेले. शिवाय चलन बदलण्याच्या व्यवहारावर जीएसटी असतो. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का आणि त्यापुढील रकमेच्या अर्धा टक्का हे करपात्र मूल्य मानून त्यावर १८ टक्के आकारले जातात. तुमच्या बाबतीत ते साधारण २५५ रुपये होतील. कार्ड देण्याचे व पैसे भरण्याचे शुल्क असल्यास ते निराळे. त्यामुळे सीताबर्डीतला विक्रेता असो वा शाखा, 'मार्कअप किती' असे विचारण्याऐवजी 'आज १,८०० युरो कार्डात भरायचे तर सर्व कर व शुल्क धरून एकूण किती रुपयांचा धनादेश देऊ' असा एकच प्रश्न दोघांना विचारावा, तोही एकाच दिवशी आणि शक्यतो एकाच तासात. आलेल्या रकमेला १,८०० ने भागले की खरा दर समोर येतो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली, ती स्वित्झर्लंडचे चार दिवस. तेथे युरो नव्हे, फ्रँक चालतो. युरो भरलेले फॉरेक्स कार्ड तेथे वापरले की युरोतून फ्रँक करण्यासाठी बहुतेक बँका पुन्हा शुल्क लावतात, आणि ते अनेकदा नेहमीच्या कार्डाइतकेच, ३.५ टक्क्यांच्या आसपास असते. फॉरेक्स कार्डच घ्यायचे ठरले तर फ्रँक वेगळे भरून घ्यावेत.

अमरावती रोड (प्रतिसाद)

वरील हिशेबाशी माझे भांडण नाही, पण फॉरेक्स कार्डाची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी गेली आठ वर्षे तेच वापरतो, त्याची कारणे दोन. दर एकदा ठरला की प्रवासात रुपया घसरला तरी आपला हिशेब बिघडत नाही. आणि कार्ड हरवले किंवा त्याची माहिती चोरीला गेली तर त्यात भरलेले तेवढेच पैसे धोक्यात येतात. घरच्या बचत खात्याला कोणी हात लावू शकत नाही. ज्येष्ठ माणसांना ही निश्चिंती तीन हजार रुपयांना महाग नाही.

हिशेबनीस

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य, पण तो बचत खात्याला जोडलेल्या डेबिट कार्डाविरुद्ध लागू होतो. क्रेडिट कार्डातून गेलेला पैसा आधी बँकेचा असतो, आणि तक्रार चालू असताना आपली ठेव जागेवर राहते. पहिल्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणेन की रुपया घसरू शकतो तसा वधारूही शकतो. शिवाय परत आल्यावर कार्डात उरलेले युरो विकताना बँक खरेदीचा दर लावते, म्हणजे तोच पैसा दुसऱ्यांदा झिजतो. ३०० युरो उरले तर ही झीज लक्षात येण्याइतकी असते.

पूर्वी बँकेत होतो (प्रतिसाद)

बाई, अर्ज नाकारला गेला म्हणून खट्टू होऊ नका. मी बत्तीस वर्षे काउंटरच्या पलीकडे काढली आहेत. निवृत्त ग्राहकाचे 'उत्पन्न' संगणकाच्या रकान्यात बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्यासारख्यांकरिता मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड हा सरळ मार्ग आहे. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावर व्याज मिळत राहते आणि ठेवीच्या रकमेच्या प्रमाणात कार्डाची मर्यादा ठरते. उत्पन्नाचा दाखला सहसा मागत नाहीत. परकीय शुल्क नाही हेच वैशिष्ट्य सांगून बाजारात आणलेल्या कार्डांपैकी आयडीएफसी फर्स्ट बँकेचे वॉव हे ठेवीवर मिळणारे आहे. आरबीएल बँकेचे वर्ल्ड सफारी आणि फेडरल बँकेचे स्कॅपिया हीदेखील त्याच गुणाकरिता ओळखली गेली. मात्र बँका अटी वर्षातून दोनदासुद्धा बदलतात, म्हणून माझ्या किंवा कोणाच्याही शब्दावर न विसंबता अर्ज करण्याच्या दिवशी बँकेच्या संकेतस्थळावरील शुल्कपत्रक उघडून 'परकीय चलन व्यवहार' ही ओळ स्वतः वाचा आणि त्याची एक प्रत काढून ठेवा. वार्षिक शुल्कही तेथेच सापडेल. पाच-सातशे रुपये वार्षिक शुल्क असले तरी तुमच्या ७,४३४ रुपयांपुढे ते परवडते.

ठेव किमान दोन लाखांची ठेवा म्हणजे मर्यादा मध्येच संपणार नाही. संपत आल्यास बिलाची वाट न पाहता मधेच पैसे भरता येतात. बिलाची तारीख तुम्ही तिकडे असतानाच येईल, त्यामुळे संपूर्ण रक्कम बचत खात्यातून आपोआप वळती होण्याची सूचना निघण्यापूर्वीच देऊन ठेवा. एक हप्ता चुकला तर त्यावरचे व्याज वाचवलेला सगळा मार्कअप गिळून टाकेल.

दुसरी गोष्ट, जी विसरल्यामुळे लोक विमानतळावरून मला फोन करत असत. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड हाती येते तेव्हा ते फक्त भारतातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरतेच चालू असते. परदेशातील वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणे हे प्रत्येक बटण बँकेच्या ॲपमध्ये आपण वेगवेगळे चालू करायचे असते व मर्यादाही ठरवायची असते. हे नागपुरात बसून करा, कारण त्यासाठी लागणारा ओटीपी तुमच्या इथल्या मोबाइल क्रमांकावर येतो. तो क्रमांक तिकडेही संदेश घेऊ शकेल एवढे रोमिंग चालू ठेवा. चार आकडी पिन दोघांनाही पाठ हवा. युरोपात माणूस नसलेल्या तिकीट यंत्रांवर पिनशिवाय काम अडते, आणि जर्मनीत टॅप करूनही ५० युरोंच्या वर पिन मागितला जातो.

कराविषयी थोडक्यात. फॉरेक्स कार्डात भरलेले आणि डेबिट कार्डाने परदेशात खर्चलेले पैसे उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे ज्याला सगळे एलआरएस म्हणतात त्यात, मोजले जातात. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत त्यावर टीसीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर) नाही, त्यापुढे अशा खर्चावर २० टक्के कापला जातो व तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च या योजनेत आणण्याचे सरकारने २०२३ साली आधी जाहीर केले आणि नंतर पुढे ढकलले. तुमचा आकडा पाहता यापैकी कशाचीच झळ तुम्हाला नाही, पण मुलीची फी त्याच वर्षी तुमच्या नावाने पाठवली असेल तर ती बेरजेत धरा.

मिहानवासी (प्रतिसाद)

सगळ्यांनी कार्डाविषयी लिहिले, मी यंत्राविषयी लिहितो, कारण माझे पैसे तेथे गेले. कंपनीच्या कामासाठी २०२४ मध्ये युरोपात होतो. खिशात शून्य मार्कअपचे कार्ड होते आणि त्या आत्मविश्वासात मी एका स्मृतिवस्तूंच्या दुकानात ५० युरोंचे बिल देण्यासाठी ते पुढे केले. दुकानदाराने यंत्र माझ्याकडे वळवले. पडद्यावर दोन चौकटी होत्या: वरची हिरवी, ठळक, तीत भारताचा झेंडा आणि ४,८१२ रुपये, खालची करडी, बारीक अक्षरांतली, तीत फक्त ५० युरो. रांग मागे उभी होती, रुपये पाहून आपलेपणा वाटला आणि मी हिरवी चौकट दाबली.

त्या दिवशी कार्ड नेटवर्कच्या दराने ५० युरोंचे ४,५१० रुपये होत होते. म्हणजे एका स्पर्शात ३०२ रुपये गेले, जवळपास पावणेसात टक्के. याउपर माझ्या बँकेने परदेशातील दुकानात रुपयांत व्यवहार केल्याबद्दल एक टक्का आणि त्यावर जीएसटी लावला, ते आणखी ५७ रुपये. ज्या कार्डासाठी मी महिनाभर चौकशी केली होती, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण रुपयांत रूपांतर माझ्या बँकेने केलेच नव्हते. ते दुकानाच्या यंत्रामागील कंपनीने स्वतःच्या दराने केले होते. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. तेव्हा बाई, यंत्राने रुपये दाखवले की नाही म्हणायचे आणि नेहमी त्या देशाचे चलन निवडायचे. दुकानदार न विचारताच रुपये दाबत असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगायचे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

एटीएमवर हाच खेळ दोनदा होतो. आधी यंत्र स्वतःचे शुल्क दाखवते, ते टाळायचे असेल तर रद्द करून दुसऱ्या बँकेचे यंत्र पाहावे. पुढच्या पडद्यावर 'हमी दराने रुपयांत' असे काहीसे विचारले जाते, तेथे रूपांतर नाकारायचे. नाकारल्यावरही पैसे मिळतात. अनेकजण व्यवहारच रद्द होईल या भीतीने होकार देतात. पर्यटनस्थळी भिंतीत बसवलेल्या एकट्या-दुकट्या यंत्रांपेक्षा खऱ्या बँकेच्या शाखेतले यंत्र बरे. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. बहुतेक कार्डांवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि रोख काढण्याचे वेगळे शुल्कही लागते. त्यासाठी डेबिट कार्डच ठेवा, आणि शुल्क दर वेळी लागत असल्याने थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच २००-२५० युरो काढा.

प्रतापनगरच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. हिरव्या चौकटीचे वर्णन वाचून मी व हे दोघेही हसलो, कारण थायलंडमध्ये आम्ही दर वेळी तेच बटण दाबले होते. म्हणजे त्या दोन ओळी दिसल्या तेवढेच नव्हे, न दिसलेलेही काही गेले असणार.

दोन शंका राहिल्या. झुरिकचे हॉटेल येथूनच एका परदेशी संकेतस्थळावर रुपयांत आरक्षित करता येत आहे. ते तसे करावे का? आणि तिकडे यूपीआय चालेल का? सोसायटीतील एक गृहस्थ चालते म्हणून पैज लावायला तयार आहेत.

पूर्वी बँकेत होतो

संकेतस्थळ रुपये दाखवत असले तरी ज्या कंपनीला पैसे जातात ती परदेशात नोंदलेली असेल तर काही बँका त्यालाही परदेशी व्यवहार मानून शुल्क लावतात. शून्य मार्कअपचे कार्ड असेल तर फ्रँकमध्येच भरा किंवा 'हॉटेलवर पैसे देणे' हा पर्याय घ्या. हॉटेलात उतरताना अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा डेबिट कार्ड पुढे करू नका. खात्यातले खरे पैसे कित्येक दिवस अडकतात. क्रेडिट कार्डाची फक्त मर्यादा अडकते.

यूपीआयविषयी: पॅरिसच्या आयफेल टॉवरवर फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुरू झाले, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, भूतान, मॉरिशस येथेही सोयी आहेत. पण जर्मनीत किराणा आणायला त्याच्या भरवशावर जाऊ नये. पैज लावाच, जिंकाल.

आणखी एक. कार्डावर अनोळखी व्यवहार दिसला तर परत येईपर्यंत थांबू नका. त्रयस्थ व्यक्तीने केलेल्या फसवणुकीची माहिती बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत समाधान केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत जाऊन अर्ज देण्याची आता गरज नाही, जरी आमच्या पिढीला तेथे जाऊन आल्याशिवाय तक्रार केल्यासारखे वाटत नाही.

प्रतापनगरच्या बाई (अडीच महिन्यांनंतर)

परत येऊन आठवडा झाला. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय झाले ते कळवणे हे माझे कर्तव्य समजते.

दोन लाखांची ठेव ठेवून शून्य मार्कअपचे कार्ड घेतले. ते हाती यायला सोळा दिवस लागले, त्यामुळे कोणी असा विचार करत असेल तर महिनाभर आधी अर्ज करावा. सोबत माझ्या पतींचे दुसऱ्या बँकेचे डेबिट कार्ड नेले आणि दोन्ही कार्डे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली. निघताना २०० युरोंच्या नोटा येथूनच घेतल्या. त्या महाग पडल्या, पण विमानतळावर उतरल्यावर यंत्र शोधत फिरावे लागले नाही.

क्रेडिट कार्डावर एकंदर १,४६० युरो आणि ३१० फ्रँक खर्च झाले. स्टेटमेंट तीन पानी आले. मी पट्टी धरून प्रत्येक ओळ वाचली आणि खरेदीखाली ती बारीक ओळ एकदाही आढळली नाही. पाच ठिकाणी यंत्राने रुपये विचारले, त्यांपैकी एका ठिकाणी मुलीने विक्रेत्याला व्यवहार रद्द करायला लावला. रोख पैसे मात्र वाटले होते त्याहून जास्त लागले. आखेनमधल्या मुलीच्या घराखालची बेकरी कार्ड घेतच नाही, आणि शेजारचा भाजीवाला जर्मन बँकांचेच कार्ड घेतो, आमचे नाही. म्हणून डेबिट कार्डाने एकदा २५० युरो काढले. यंत्राचे पाच युरो, आमच्या बँकेचे पैसे काढण्याचे शुल्क आणि साडेतीन टक्के, असे तिन्ही त्या एका व्यवहारावर लागले. संपूर्ण प्रवासातला सर्वांत महाग व्यवहार तोच ठरला. पुढच्या खेपेस डेबिट कार्डही कमी शुल्काचे शोधावे लागेल, आणि त्यासाठी मी येथे नवा प्रश्न विचारीनच.

झुरिकच्या हॉटेलाने अडकवलेले २०० फ्रँक नवव्या दिवशी सुटले. सोसायटीतील गृहस्थांनी पैज हरल्याचे मान्य केले असून त्यांनी आम्हाला तर्री पोहे खाऊ घातले.